टाकळा हटाव मोहीम

रविवार, १९ जून १९८३. सकाळी ७.

कंपनीची डायरी जानेवारीतच मिळाली होती. सुरुवात करायला साजेशी घटना हवी होती. ती काल घडली.

मोठ्या साहेबांनी केबिनमध्ये बोलावलं. बसा म्हणाले नाहीत, पण खुर्ची रिकामी होती. साहेबांचा रेसमधून रिटायर झालेला घोडा, नाव जनरल, कोपरखैरणे गावाबाहेर तीन एकर कुरणावर असतो. दर दसऱ्याला साहेबांच्या मातोश्री येऊन त्याची पूजा करतात. गेल्या वर्षी कुंपणाच्या कडेला थोडा टाकळा, म्हणजे पावसाळ्यातलं तण, राहिला होता, तो मातोश्रींच्या डोळ्यांत खुपला. टाकळा वाढला की गवत दबतं आणि टाकळा घोडा खात नाही. यंदा एक पान दिसता कामा नये, म्हणाले. जबाबदारी कर्णिक, तुमची.

मीच का? मागे कॅन्टीनमध्ये मी सहज म्हटलं होतं की आमचे खापरपणजोबा सरदारांच्या पागेत होते. चांगली गोष्ट वर पोचतेच.

वेल्फेअर ऑफिसरची जागा मार्चपासून रिकामी आहे. अकाउंट्सच्या दिलीप साठ्यांचं नाव चर्चेत आहे. साठ्यांना घोडा आणि खेचर यातला फरक कळत नाही.

संकल्प: १) दसऱ्यापर्यंत टाकळा शून्य. २) दसऱ्याला जनरलवर बसून सलामी. ३) रोज पाचला उठणे. (आज सातला उठलो, पण रविवार आहे.)

सुनीतीला सांगितलं. म्हणाली, तुमचे खापरपणजोबा पागेत हरभऱ्याचा हिशेब लिहायचे, सासूबाईंनीच सांगितलंय मला. हरभऱ्याशिवाय घोडदळ चालत नाही, हे बायकांना समजावणं कठीण.

रविवार, २६ जून. रात्री जेवणानंतर.

काल आपण वर्ल्ड कप जिंकलो. त्यापुढे टाकळा म्हणजे काय!

कुरणाला पहिली भेट. घोड्याची देखभाल करणारा गणू, गावातलाच, पूर्वी मिठागरावर होता. कमी बोलतो. जनरल उंच, तपकिरी, कपाळावर पांढरा ठिपका. त्याने माझा हात हुंगला आणि खिशातला रुमाल काढून खाल्ला. विश्वास बसल्याची खूण असावी.

टाकळा सगळीकडे. दोन बोटं उंच, गोल गोल पानं. आणि त्यात सात-आठ बायका ओणव्या बसून पानं खुडताहेत! सरळसरळ घुसखोरी. म्होरकी चंद्राबाई, कुंपणाला लागून हिचं घर, दारात पडवळ-शिराळ्याचा मांडव. म्हणे आमी दर वर्सी खुडतो, वाशीच्या बाजारात न्हेतो. मी म्हटलं, ही खासगी मालमत्ता आहे. तर म्हणते, भाऊ, आमी खुडतो म्हनून तुमचा घोडा चरतो!

अडाणी माणसाचा तर्क. सगळ्यांना बाहेर काढलं. गणू जनरलच्या मानेवरून हात फिरवत राहिला.

जेवायला मेथीची भाजी. लसूण घालून, मऊ, किंचित कडवट. अप्रतिम. दोनदा घेतली.

रविवार, ३ जुलै.

बोर्ड लावला: ‘आत येण्यास सक्त मनाई आहे. हुकुमावरून.’ आमच्याच फॅक्टरीचा लाल रंग वापरला, दहा वर्षं टिकतो.

दुपारी जनरलने बोर्डाला पाठ घासली. बोर्ड आडवा, पुन्हा उभा केला. जनरलच्या पाठीवर उलटं ‘मनाई’ उमटलं आहे. गणू रॉकेलने पुसतोय. पाचला उठणं सोमवारपासून.

रविवार, १० जुलै.

लायब्ररीतून कुरणांवरचं विलायती पुस्तक आणलं. घोड्याच्या कुरणात दोन प्रकारची झाडं असतात, गवतासारखी आणि रुंद पानांची. शत्रू तो रुंद पानांचा. मी त्याला ‘रुंदपानी’ असं नाव दिलंय. मराठीत या विषयावर पुस्तक नाही. निवृत्तीनंतर लिहीन.

पहिला उपाय पुस्तकात असा दिलाय: कोवळा असतानाच हाताने उपटा किंवा खुडा. हा भाग जुना वाटला, सोडून दिला.

टाकळा गुडघ्याला आला. नैसर्गिक आहे. शत्रू उंच झाला की नेम धरायला सोपा.

हल्ली घरी मेथी नाही. सुनीती म्हणते बाजारात येतच नाही. या नव्या शहरात पुरवठ्याकडे कोणाचं लक्ष नाही. तक्रार करायला हवी.

रविवार, १७ जुलै.

मीठ! मिठाने काहीही मरतं. गणूच्या मिठागराच्या ओळखीने दोन गोण्या आणल्या. गणू म्हणाला, साहेब, मीठ घोडा चाटंल. मी म्हटलं, जनरल शिस्तीचा प्राणी आहे.

दोन्ही गोण्या एका कोपऱ्यात पसरल्या. ट्रायल म्हणून.

सोमवार, १८ जुलै. संध्याकाळी.

जनरलने मीठ चाटलं. मग नऊ बादल्या पाणी प्यायला. मग पुढचं काही लिहीत नाही, गणूने सगळं साफ केलं.

ट्रायलचा निष्कर्ष पुढच्या रविवारी.

रविवार, २४ जुलै.

निष्कर्ष: कोपऱ्यातलं गवत पिवळं पडून मेलं. टाकळा जोरात. मीठ परिणामकारक आहे हे सिद्ध झालं, फक्त दिशा चुकली.

मग स्वतः विळा घेतला. खापरपणजोबांचं नाव घेऊन कापायला सुरुवात केली. वीस मिनिटं. मग कंबर धरली. गणूने उचलून बैलगाडीत घातलं. कुंपणापलीकडून चंद्राबाई बघत होती. हसली नाही, पण पदर तोंडाला लावला.

बुधवार, २७ जुलै.

कंबर. रजा. साठे भेटायला आले, मोसंबी घेऊन. जाताना म्हणाले, कर्णिक, तुम्ही घोडा सांभाळा, वेल्फेअरचं मी बघतो. हसले. विनोद समजून मीही हसलो. आता विचार केला तर तो विनोद नसावा.

रविवार, ७ ऑगस्ट.

गटारी. गणू उपलब्ध नाही. मीही फारसा नाही.

रविवार, १४ ऑगस्ट. दुपारी ४.

मोठं पाऊल. पनवेलच्या कृषी केंद्रातून टू-फोर-डी नावाचं औषध आणि पाठीवरचा पंप आणला. रुंद पानांचंच मरतं, गवताला धक्का नाही. म्हणजे विज्ञानाने माझ्यासाठीच बनवलंय. दुकानदाराने सूचना दिल्या: वारा नसताना मारा. मारल्यावर सहा तास पाऊस नको. जनावर पंधरा दिवस आत नको. आणि म्हणाला, टाकळा कोवळा असताना मारायला हवं होतं, आता जून झालाय. दुकानदार लोक निराशावादी असतात.

सकाळी अकराला फवारणी केली. गणू म्हणाला, साहेब, खाडीवरचा वारा हाय. मी म्हटलं, वाऱ्याने औषध सगळीकडे सारखं पसरतं. वारा चंद्राबाईच्या घराच्या बाजूला होता. सव्वा वाजता पाऊस आला. फार नाही, तासभर.

जनरलची सोय आमच्या सोसायटीच्या कंपाउंडमध्ये केली आहे. गणूने कोपरखैरण्याहून वाशीपर्यंत चालवत आणला. लोक गॅलरीतून बघत होते. आमच्या बिल्डिंगला एकदम वजन आलं.

सोमवार, १५ ऑगस्ट.

सोसायटीचं झेंडावंदन. चेअरमन सुभाषराव भाषणाला उभे राहिले, तेव्हा जनरलने त्यांच्या गळ्यातला झेंडूचा हार खाल्ला. शेवटपर्यंत. सुभाषरावांना हलता येईना, कारण राष्ट्रगीत सुरू झालं. जनरलही स्तब्ध होता, तोंड तेवढं चालू होतं. मला तरी हे शिस्तीचं उदाहरण वाटलं.

संध्याकाळी सोसायटीचं पत्र मिळालं. चोवीस तासांत प्राणी हलवावा. जनरल आता गणूच्या अंगणात.

रविवार, २१ ऑगस्ट.

कुरण पाहिलं. टाकळ्याचे शेंडे जरा मुरडले होते, खालून नवे फुटले आहेत. पावसाने औषध धुऊन नेलं असावं.

औषध अस्सल आहे यात मात्र शंका नाही. चंद्राबाईच्या मांडवावरचं पडवळ, शिराळं, सगळं गेलं. पानं वळून वाळली आहेत. वाऱ्याने पुरेसं औषध तिकडे नेलं. प्रयोगाच्या दृष्टीने उपयुक्त माहिती.

(दुपारी.) चंद्राबाई सोसायटीच्या दारात आली. पत्ता गणूने दिला असणार. मी ताबडतोब पाण्याच्या टाकीची पाहणी करायला गच्चीवर गेलो. वरून स्पष्ट ऐकू येत होतं. म्हणाली, कुटं हाय तो घोड्याचा साहेब? माज्या येलाला पडवळ धरलं व्हतं, गनपतीला बाजारात न्यायचं व्हतं, आता काय नेऊ, वाळकी पानं? पोरीला गनपतीला माहेरी आनायची हाय, तिच्या हातावर काय ठेवू?

शिवी एकही दिली नाही. दिली असती तर बरं झालं असतं.

पाऊण तास पाहणी केली. टाकी उत्तम स्थितीत आहे. खाली आलो तर चंद्राबाई आमच्या स्वयंपाकघरात पाटावर बसून चहा पीत होती आणि सुनीती तिच्याशेजारी. दोघींची चार वर्षांची ओळख निघाली. सुनीती वाशीच्या बाजारात भाजी घेते ती हिच्याकडूनच.

मी म्हटलं, मग मेथी का बंद झाली, तेवढं विचार.

सुनीती म्हणाली, अहो, जून-जुलैत कसली मेथी? मेथी मेथी म्हणून तुम्ही दोनदा वाढून घेता तो टाकळा असतो. तुमच्याच कुरणातला. तुम्ही बोर्ड लावलात आणि तो बंद झाला.

चंद्राबाई मान खाली घालून कपातल्या चहाकडे बघत होती. आमी खुडतो म्हनून तुमचा घोडा चरतो, हे तिचं वाक्य मला आठवलं. पुस्तकातला पहिला उपायही आठवला. लाज वाटली. सरळ लिहितो, फार लाज वाटली. नुकसान भरून देतो म्हटलं, तर म्हणाली, पैसं नको भाऊ, माजा मांडव उबा करून द्या. स्वताच्या हातानं.

रविवार, ११ सप्टेंबर. ऋषिपंचमी.

काल गणपती बसला. आज ऋषीची भाजी, बैलाच्या कष्टाचं काही चालत नाही. घोड्याच्या कष्टाचं चालतं का, असं सुनीतीला विचारलं. तिने अळू सोलायला माझ्यापुढे ठेवलं.

कुरणभर टाकळ्याला पिवळी फुलं आली आहेत. कंबरेपर्यंत. लांबून बघितलं तर शोभिवंत दिसतं. साहेबांना ‘फुलांचं कुरण’ म्हणून सांगता येईल का, याचा दोन तास विचार केला. मातोश्रींची नजर आठवली. नाही सांगता येणार.

पस्तीस दिवस उरले. रात्री गणपतीपुढे बसलो होतो. ऑफिसरची जागा मागावी की टाकळा जावा म्हणावं, ठरेना. शेवटी नुसता नमस्कार केला.

रविवार, १८ सप्टेंबर.

एक योजना आखली. गणूच्या अंगणात बैठक घेतली, जनरल साक्षीला. चंद्राबाई आणि तिच्या बायका शेंगा वाळून बी पडायच्या आत सगळा टाकळा कापून काढतील, गवत खालून वर येईल. वाटाघाटी मी कणखरपणे केल्या. ठरलं ते असं: बोर्ड आजच काढायचा. पुढच्या पावसापासून भाजी खुडायला बायकांना मोकळीक. मांडव मी बांधायचा. माझं सगळं म्हणणं त्यांनी मान्य केलं.

माझं म्हणणं काय होतं ते आत्ता आठवत नाही.

सुनीतीला योजना सांगितली तर म्हणाली, ही तर चंद्राबाईने मला मंगळवारीच बाजारात सांगितली होती. दोन थोर डोकी एकाच दिशेने चालतात.

रविवार, २ ऑक्टोबर.

मांडव पूर्ण. तीन रविवारांचं काम. पहिल्यांदा उभा केला तेव्हा पडला. दुसऱ्यांदा माझ्यासकट पडला. चंद्राबाईने खुंटी कशी ठोकायची ते दाखवलं. तिच्या माहेरी भाऊ होता, तो असाच वाकडा ठोकायचा, म्हणाली. होता म्हणाली, म्हणून पुढे विचारलं नाही. भाऊ ही हाक नुसती तोंडची असते असं मी समजत होतो.

गेल्या पंधरवड्यात पेरलेले वाल वर आले आहेत. रोज संध्याकाळी बसमधून उतरून आधी वाल बघतो, मग कुरण. पानं किती झाली ते मोजलं नाही असं लिहिणार होतो, पण ही डायरी मीच वाचणार. एकशे बारा.

रविवार, ९ ऑक्टोबर.

कुरण! टाकळ्याचं नाव नाही. गवत घोट्यापर्यंत, हिरवंगार. आठ बायकांनी आठ दिवसांत केलं. जनरल सकाळपासून मान वर करत नाही, नुसता चरतोय.

दसऱ्याचं भाषण लिहून काढलं. सुरुवात: ‘आधुनिक विज्ञान आणि घराण्याची परंपरा यांचा संगम साधून मी...’ पाठ केलं. घोड्यावर बसण्याचा सरावही केला. गणू म्हणतो, चढून बसता येतंय, आता उतराय शिका.

रविवार, १६ ऑक्टोबर. दसरा. दुपारी ३.

घाई नको. क्रमाने लिहितो.

दहाला साहेबांची गाडी आली. मातोश्री उतरल्या. चष्मा सावरून सगळं कुरण बघितलं, कुंपणाची कडासुद्धा. मग मान हलवली, बरोबर दिशेने. साहेबांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. साठेही आले होते, नव्या सफारीत. त्यांचा चेहरा पाहण्यासारखा होता.

पूजा झाली. जनरलला कुंकू लागलं, आपट्याची पानं वाहिली, झेंडूचा हार घातला. (गळ्यात घट्ट बांधला होता, तोंड पोचणार नाही असा.) मग मी म्हटलं, साहेब, एक सलामी. गणूने हातांचा पाळणा केला. मी चढलो. तिथून सगळं छोटं दिसतं. तिथे बसलेल्या दोन मिनिटांत मी जितका सुखी होतो तितका लग्नातही नव्हतो. हे सुनीतीने वाचू नये.

जनरल चालू लागला. मी सलामीचा हात वर केला. साहेबांच्या दिशेने जायचं होतं. तो कुंपणाच्या दिशेने गेला. मी लगाम ओढला. त्याने मान खाली घातली आणि मी त्याच्या मानेवरून घसरत घसरत कुंपणाच्या खांबाला मिठी मारली. जनरलने तारेवरून मान पलीकडे टाकली आणि चंद्राबाईचा वाल खायला लागला. माझा वाल. एकशे बारा पानं आज तीनशेच्या वर होती. शेंड्यापासून बुडापर्यंत खाल्ला. मांडव त्याने पाडला नाही, एवढं नमूद करतो. पक्का बांधला होता.

मातोश्री हसल्या. साहेब म्हणाले, गेल्या दोन वर्षांत आई पहिल्यांदा हसली. मग माझ्याकडे वळून म्हणाले, बाकी कुरण फर्स्ट क्लास. कसं केलंत?

भाषण खिशात होतं. पाठही होतं. चंद्राबाई तिकडे उभी होती. रिकाम्या मांडवाकडे बघत होती, माझ्याकडे नाही. आणि माझ्या तोंडून निघून गेलं, मी काही नाही केलं साहेब. मी केलं त्याने टाकळा वाढला. ह्या चंद्राबाईने आणि बायकांनी कापला. ह्या दरसाल खुडत होत्या म्हणून तुमचं कुरण राहिलं होतं, मी हाकलल्या.

काय झालं कळत नाही. खांबाला आपटल्याचा परिणाम असावा.

साहेबांनी कुरणाकडे एकदा पाहिलं. मग चंद्राबाईला म्हणाले, मावशी, हे कुरण यापुढे तुमच्या बायकांनी सांभाळायचं, कंपनी रीतसर कामावर घेईल, चालेल? चंद्राबाईने आधी गणूकडे बघितलं, मग माझ्याकडे. चालंल, म्हणाली, पन ह्या भावाला घोड्यावर बसवू नका.

मंगळवार, १८ ऑक्टोबर.

नोटीस बोर्डवर लागलं. वेल्फेअर ऑफिसर: दिलीप साठे. पेढा दिला त्यांनी. खाल्ला. ताजा होता.

सुनीतीला सांगितलं. तिने पाटावर बसवून गरम भात वाढला आणि म्हणाली, परवा तुम्ही खरं बोललात ते चंद्राबाईने सगळ्या बाजाराला सांगितलंय. आज तिने माझ्याकडून भाजीचे पैसे घेतले नाहीत.

रविवार, १७ जून १९८४. संध्याकाळी.

यंदा डायरी नाही. साठ्यांनी डायऱ्या फक्त ऑफिसर ग्रेडला वाटल्या. गेल्या वर्षीच्या मागच्या पानांवर लिहितो आहे, जागा भरपूर आहे.

टाकळा वर आला, दोन बोटं. आज मीही बायकांबरोबर खुडायला बसलो. पाचला उठून गेलो होतो. चंद्राबाईने माझी टोपली उपडी करून बघितली. म्हणाली, भाऊ, ह्यात अर्धं गवतच हाय, घोड्यानं काय खायाचं? उद्यापासून तुमी नुसती टोपली धरा.

जनरलने गवताची ती अर्धी टोपली जागीच संपवली. रुमाल सुरक्षित आहे, आता मी तो घरीच ठेवतो.

गणूचं मत असं की टोपली नीट धरली तर श्रावणाच्या आत मला खुडायला बसवतील. प्रमोशनच म्हणायचं. साठ्यांना अजून कळवलेलं नाही.